सॅकमध्ये जळकी फॉइल सापडली, आता काय करायचं?

प्रश्न असा आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. वाघोलीत गेट, वॉचमन, कॅमेरे असलेल्या सोसायटीत घर, आई-वडील दोघंही नोकरीला. मुलाच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात जळक्या फॉइलचे तुकडे आणि कापलेली स्ट्रॉ सापडली. त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आपल्या भागात हेरॉइन आलंय’ असा मेसेज फिरला. पालक विचारतात: किट आणून गुपचूप तपासणी करू का, पोलिसांत जाऊ का, की सरळ व्यसनमुक्ती केंद्रात टाकू?

तिन्हींचं उत्तर ‘आज नाही’. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: काय घेतो, किती आणि किती वेळा घेतो, शेवटचं कधी घेतलं. गांजा, एमडी (म्हणजे मेफेड्रोन), झोपेच्या गोळ्या आणि हेरॉइन यांच्यावरचे उपाय इतके निरनिराळे आहेत की एकावरचा दुसऱ्यावर लावला तर जिवावर बेतू शकतं. एकच अपवाद. मुलगा आत्ता हाक मारून उठत नसेल, श्वास घरघरत किंवा थांबत-थांबत चालू असेल, तर हे वाचत बसू नका. १०८ लावा आणि खाली श्वास देण्याबद्दल लिहिलं आहे तेवढंच पाहा.

हेरॉइन म्हणजे आपल्याकडची ब्राऊन शुगर, जुन्या पुणेकरांच्या तोंडी गर्द. ऐंशीच्या दशकात तिने पुण्या-मुंबईतली पोरं धरली, त्यातूनच १९८६ साली येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तेव्हा उपनगरात हे काल उपटलंय असं समजू नका. पण आज वाकड, खराडी, उंड्री, रावेत इथल्या मुलांच्या हातात पहिल्यांदा पडतं ते सहसा गर्द नसतं. व्हेप, बिअर, गांजा, मग एमडी आणि मेडिकलमधल्या गोळ्या, असा तो क्रम. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो एमडी पकडलं. माल जवळच बनत असेल तर तो कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्याहून लहानांत हुंगण्याचे पदार्थ: पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते १७ वयाच्या मुलांत यांचं प्रमाण १.१७ टक्के निघालं, प्रौढांत ०.५८. नशेचा हा एकच प्रकार मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त दिसला. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण सोल्युशन ऐकायला हेरॉइनएवढं भीतिदायक वाटत नाही. थिनर हुंगताना पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून मूल जागेवर जाऊ शकतं.

आता फॉइल. ती नीट बघा, पण चाटून, हुंगून बघू नका. हुक्क्याची फॉइल जाड असते, तिला टाचणीने पाडलेली बारीक भोकं असतात आणि कोळशाची राख चिकटलेली असते. ब्राऊन शुगर ओढलेली फॉइल लांबट पट्टीसारखी असते. खालच्या बाजूला लायटरची काजळी आणि वरच्या बाजूला तपकिरी-काळी, वळणं घेत गेलेली रेघ. सोबतची स्ट्रॉ किंवा गुंडाळलेली नोट आतून चिकट तपकिरी असेल तर धूर ओढला आहे. कोरड्या पांढऱ्या कणांची असेल तर पावडर नाकातून ओढली आहे, आणि मग संशय एमडीवर जास्त. सगळ्याचे फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना ते लागतील. पुडी सापडली तर ‘पुरावा’ म्हणून कपाटात जपू नका आणि खिशात घालून कुणाला दाखवत फिरू नका. कायद्याच्या नजरेत तोही ताबाच. तिचं काय करायचं हे त्याच दिवशी वकिलाला विचारून ठरवा.

वस्तूंपेक्षा डोळे जास्त बोलतात. खोलीत ट्यूबलाइट चालू असताना मुलाच्या बुबुळातली काळी बाहुली बघा आणि शेजारी आरशात स्वतःची बघा. उजेड तोच, त्यामुळे दोघांची साधारण सारखी असायला हवी. त्याची टाचणीच्या टोकाएवढी असेल, पापण्या जड असतील, बोलता-बोलता मान खाली जात असेल, नाक आणि गाल सारखे खाजवत असेल, तर अफूच्या कुळातलं काहीतरी आत आहे: ब्राऊन शुगर, कोडीनचं खोकल्याचं औषध, किंवा तसल्या दुसऱ्या गोळ्या. ट्रॅमाडॉल याच कुळातलं, २०१८ पासून तेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. पण त्यात बाहुली दर वेळी तेवढी बारीक होत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यावर निकाल देऊ नका. एमडीत उलट होतं. बाहुली मोठी, जबडा आवळलेला, दात खाणं, तोंड कोरडं, दोन-दोन रात्री झोप नाही, मग सलग चौदा तास झोप आणि चार दिवस उदास. गांजात डोळे लाल, भूक भरपूर.

रोज हेरॉइन घेणाऱ्या मुलाची एक खूण फार पालकांच्या हातून निसटते, कारण ती सर्दीसारखी दिसते. शेवटच्या झुरक्यानंतर साधारण सहा ते बारा तासांत अंगातला अंमल उतरतो. नाक गळतं, डोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, आणि या वेळी बाहुली मोठी झालेली असते. आई आल्याचा काढा करते, बाबा ‘सध्या व्हायरल चालू आहे’ म्हणतात. पोरगं ‘मेडिकलमधून गोळी घेऊन येतो’ म्हणून खाली उतरतं आणि अर्ध्या तासात ठणठणीत होऊन परत येतं. हेच आठवड्यातून तीनदा होत असेल तर ती सर्दी नाही. जोडीला बद्धकोष्ठता आणि गोडाची अचानक वाढलेली ओढ. पैशांचा मागही बघा. यूपीआयमध्ये एकाच आकड्याचे, ठरावीक वेळेचे, अनोळखी नावांवरचे व्यवहार दिसतात. इअरबड्स ‘हरवतात’, क्लासचा हप्ता ‘भरला’ पण पावती मिळत नाही. दार लावून बसणं, उलट बोलणं, मार्क घसरणं यांना मी फार किंमत देत नाही. सतराव्या वर्षी ते नशेशिवायही होतं.

बारावीच्या बाबतीत पुण्यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. इंटिग्रेटेड पद्धतीत मुलाचं नाव एका कॉलेजात असतं, हजेरी नावापुरती आणि दिवस क्लासमध्ये. क्लासला दांडी मारली तरी घरी पत्ता नसतो आणि कॉलेजचा तर प्रश्नच नाही. आई-बाबा सकाळी हिंजवडीला किंवा मगरपट्ट्याला निघतात ते रात्री आठला उगवतात. मधले दहा तास मुलगा कुठे आहे हे सांगणारं माणूस उरत नाही. गेटवरचं अॅप बाहेरच्यांची नोंद ठेवतं. आपलाच मुलगा पोडियम पार्किंगमध्ये, टेरेसवर, शेजारच्या अर्धवट बांधकामात किंवा टेकडीवर कुणासोबत आहे, हे त्यात दिसत नाही. आजच क्लासच्या ऑफिसला फोन करून गेल्या दोन महिन्यांची खरी हजेरी मागा. तिरमिरीत केलेल्या दहा झडत्यांपेक्षा हा एक फोन जास्त सांगतो.

किटबद्दल. मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन मिळणाऱ्या लघवीच्या पट्ट्या प्राथमिक चाळणी आहेत, त्याहून जास्त नाही. ठरावीक पाच-सहा पदार्थ त्या ओळखतात. पाकिटावर नावं वाचा: साध्या पाच पदार्थांच्या किटमध्ये एमडी येत नाही, ट्रॅमाडॉल ओपिएटच्या (म्हणजे अफूच्या कुळातल्या पदार्थांच्या) पट्टीवर दिसत नाही, केटामाइन आणि एलएसडी दिसत नाहीत. म्हणजे मुलगा रोज एमडी घेत असेल आणि किट ‘निगेटिव्ह’ आली की तुम्ही पेढे वाटाल. उलट बाजूही तितकीच फसवी. कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर ओपिएट पॉझिटिव्ह येतं. अनारसे, खसखशीची खीर, खसखस घातलेलं वाटण यांनीही येऊ शकतं. हेरॉइनचा माग लघवीत साधारण एक ते तीन दिवस राहतो. गांजाचा एकदा ओढल्यास दोन-तीन दिवस, रोज ओढणाऱ्यात महिनाभर किंवा जास्तही. त्यामुळे गांजाच्या पॉझिटिव्हवरून ‘काल ओढलास’ असं ठणकावून सांगता येत नाही. तपासणी करायचीच तर डॉक्टरांमार्फत, मुलाला सांगून, आणि पॉझिटिव्ह आल्यास प्रयोगशाळेत पक्क्या पद्धतीने पुन्हा करून. गुपचूप करायला गेलात तर मुलगा पुढच्या वेळी नळाचं पाणी मिसळेल, आणि तुमच्या हाती शिल्लक राहील ती फक्त चोर-पोलिसाची खेळी.

बोलायचं कधी? तो नशेत असताना नाही, उतरणीला लागून तळमळत असतानाही नाही. शक्यतो सकाळी, नाश्ता झाल्यावर, घरात आजी-आजोबा आणि धाकटं भावंड नसताना. एकानेच बोलावं. दोघं समोर बसले की न्यायालय भरतं. आईशी जास्त बोलत असेल तर आईने. सुरुवात शक्य तितकी साधी ठेवा: ‘तुझ्या सॅकमध्ये हे सापडलं. मी ओरडणार नाहीये. काय घेतलंस आणि शेवटचं कधी, एवढं मला कळायला हवं, कारण तुला त्रास झाला तर डॉक्टरांना काय सांगू?’ एवढं बोलून गप्प बसा. पहिलं उत्तर ‘माझं नाही, मित्राचं आहे’ हेच येतं. त्यावर वाद घालू नका. ‘बरं, मित्राचं. तो काय घेतो?’ असं विचारा. मुलं मित्राच्या नावाने खरं सांगतात. ‘तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता खाल्ल्या’, ‘शेजारचा तेजस बघ’, ‘आईची शपथ घे’ हे तिन्ही टाळा. शपथ तो घेईलही, आणि ती मोडली की तुम्हाला खरं सांगायचं त्याला आणखी जड जाईल.

याच बोलण्यात एक प्रश्न सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पकडलं गेल्यानंतरचे पहिले काही दिवस, विशेषतः एमडी बंद केल्यावरची उदासी, फार नाजूक असते. घरातल्या झोपेच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या, फिनेल, उंदराचं औषध कुलपात ठेवा आणि रात्री त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

मग उपचार. पहिला माणूस मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषध लिहून देणारा डॉक्टर, आणि व्यसनांवर काम करणारा. समुपदेशक त्याच्या जोडीने, त्याच्याऐवजी नाही. खासगीत परवडत नसेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, पिंपरीत वायसीएम रुग्णालयात आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कुठे जावं कळत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन. पहिल्या भेटीला फॉइलचे फोटो, क्लासची हजेरी, घरातून गायब झालेल्या गोळ्यांची नावं आणि तुमच्या नोंदी न्या: कोणत्या दिवशी, किती वाजता, कसा दिसला. डॉक्टर मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोलायला मागतील. उठून बाहेर जा.

घरी खोलीत कोंडून ‘दोन दिवस तडफडू दे, सुटेल’ हा मार्ग अजूनही बरेच जण धरतात. नुसतं हेरॉइन बंद केल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातो आणि पाच-सात दिवसांत ओसरतो. धडधाकट मुलाच्या जिवावर तो सहसा बेतत नाही, पण जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जातं आणि तळमळ इतकी असते की पोरं बाल्कनीतून उतरून पळाली आहेत. खरी भीती मिश्रणाची. सोबत अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपामसारखी झोपेची गोळी रोज चालू असेल, किंवा दारू, तर अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. ‘काय घेतो’ हे आधी कळायला हवं म्हणून एवढा आग्रह. या गोळ्या डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात, एका रात्रीत नाही.

अफूच्या कुळातल्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध आहे, बहुधा नॅलॉक्सोनसोबत (हे अफूचा अंमल उतरवणारं औषध) एकत्र, जिभेखाली विरघळणारी गोळी. ‘एक नशा सोडवून दुसरी लावताय’ असं नातेवाईक म्हणतातच. ती तळमळ थांबवते, मर्यादेपलीकडे नशा चढवत नाही आणि मुलगा सकाळी उठून क्लासला जाऊ शकतो. मात्र सुरू करण्याची वेळ काटेकोर असते. हेरॉइन अंगात असतानाच दिली तर ती हेरॉइनला जागेवरून हटवते आणि उतरणीचा त्रास अचानक, दुपटीने सुरू होतो. म्हणून डॉक्टर बारा-एक तास किंवा जास्त थांबतात, जांभया-काटा-बाहुली बघून मगच पहिली गोळी देतात. मित्राकडून आणलेली पट्टी घरी सुरू करू नका. कोवळ्या वयात ती किती काळ द्यायची हा डॉक्टरांचा निर्णय, पण महिन्यांत मोजा, दिवसांत नाही. नालट्रेक्सोन हे दुसरं औषध, ते अफूचा परिणामच अडवतं. हेरॉइन पूर्ण बंद होऊन सात ते दहा दिवस झाल्याशिवाय ते देत नाहीत. एमडी आणि गांजावर अशी ठरावीक गोळी नाही. तिथे झोप, खाणं, उदासी आणि भ्रम यांवर उपचार, आणि मग नेटाने समुपदेशन.

विजेच्या खांबावर आणि रिक्षाच्या पाठीवर ‘पेशंटला न कळता व्यसन सोडवा, जेवणात मिसळून द्या’ अशा जाहिराती दिसतात. त्यांच्या वाट्याला जाऊ नका. पुडीत काय आहे कुणालाच ठाऊक नसतं. नालट्रेक्सोन निघालं आणि मुलाने सकाळीच गर्द ओढलेली असेल, तर आमटी-भाताच्या ताटावरच तो कोसळेल.

केंद्रात भरती करावी लागतेच असं नाही. महिनाभराचा वापर, एकच पदार्थ, घर सावध, मुलगा तयार: बाह्यरुग्ण उपचार पुरतात. रोजचं हेरॉइन, सोबत गोळ्या, फिट किंवा भ्रम, आत्महत्येचा विचार, किंवा घरात माणूसच नाही, अशा वेळी भरती. केंद्र निवडताना सजावट पाहू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र मागा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री डॉक्टर कोण असतो? नॅलॉक्सोनचं इंजेक्शन ठेवलेलं आहे का? उतरणीच्या त्रासाला औषध देता की नुसतं थंड पाणी? मुलाला फोन करता येतो का? ‘शंभर टक्के गॅरंटी’, ‘आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो’, ‘पहिले तीन महिने भेट नाही’ यातलं एक जरी वाक्य कानावर पडलं तर उठा. अठराच्या आतल्या मुलासाठी हा कायदा आणखी कडक आहे. भरतीचा अर्ज पालकांचा लागतो. मानसोपचारतज्ज्ञासह दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासून भरती गरजेची आहे असं म्हणावं लागतं. मूल प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं असतं. ‘आई-बाबांनी थांबायची गरज नाही, आम्ही बघतो’ असं सांगणाऱ्या केंद्राला हा नियम माहीत नसतो, किंवा माहीत असून पाळायचा नसतो. दोन्ही वाईट.

पोलिसांची भीती दोन टोकांची असते. काही पालक ‘एक रात्र आत राहू दे, अक्कल येईल’ म्हणतात, काही पोलिसांच्या धास्तीने डॉक्टरकडेही जात नाहीत. नशा करतो म्हणून उपचाराला आलेल्या मुलाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं, उपचार अर्धवट टाकले तर ते जाऊ शकतं. अल्प प्रमाण हेरॉइनसाठी ५ ग्रॅम, एमडीसाठी २ ग्रॅम, गांजासाठी १ किलो. पण पाच मित्रांसाठी एकाने आणलेला माल ही कायद्यात विक्रीसारखीच बाजू होऊ शकते, आणि ‘मी फक्त आणून दिलं’ हे मुलांना गुन्हा वाटतच नाही. हे त्याला जरूर सांगा. अठराच्या आतलं मूल पकडलं गेलं तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मुलाला नशा पुरवणाऱ्यावर मात्र बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. विकणाऱ्याची माहिती द्यायची तर १९३३ हा राष्ट्रीय क्रमांक. सोसायटीच्या ग्रुपवर नाव-फ्लॅट नंबर टाकणं म्हणजे माहिती देणं नव्हे. त्याने विकणारा सावध होतो आणि कुणाचं तरी पोर कायमचं बदनाम होतं. विकणाऱ्याची उधारी तुम्ही जाऊन फेडू नका, धमकी आली तर ११२.

आता सगळ्यात धोक्याची वेळ. ती नशा चालू असतानाची नाही, बंद झाल्यानंतरची आहे. ‘महिनाभर मामाकडे सोलापूरला पाठवतो, संगत सुटेल’ हा आपल्याकडचा लाडका उपाय. तिकडे तीन आठवडे काही मिळत नाही, अंगाची सवय उतरते. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो जुन्याच मापाने ओढतो, आणि जे माप पूर्वी पचायचं ते आता श्वास बंद पाडतं. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे, परीक्षेनंतरचा पहिला मोकळा दिवस, हेच. मुलाला हे स्पष्ट सांगा. ‘सांगितलं तर तो घेईल’ ही भीती खोटी आहे. घ्यायचं असेल तर तो न सांगताही घेणारच, फक्त जुन्या मापाने.

श्वास मंदावल्याची लक्षणं: हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही उठत नाही. मिनिटाला आठ-दहा किंवा कमी श्वास, घोरल्यासारखा घरघराट. ओठांच्या आतली बाजू आणि नखं निळसर-राखाडी. गाढ झोप समजून पांघरूण घालणं ही इथली जीवघेणी चूक. १०८ लावा, ‘श्वास बंद पडतोय’ एवढंच सांगा. पाठीवर झोपवा, तोंडात काही असेल तर काढा, कपाळ मागे आणि हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून दर पाच सेकंदाला एक श्वास द्या, छाती उचलतेय का बघा. श्वास अजिबात नसेल, अंग गार-निर्जीव वाटत असेल, तर छाती दाबणंही सुरू करा. श्वास चालू पण बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. मिठाचं पाणी, लिंबू, ताक, उलटी करवणं, गार पाण्याखाली धरणं: सगळं बंद. रुग्णालयात नॅलॉक्सोन दिल्यावर मुलगा मिनिटांत डोळे उघडतो आणि ‘घरी जाऊ’ म्हणतो. नेऊ नका. त्या इंजेक्शनचा असर अर्धा ते दीड तास, अंगातला माल त्याहून जास्त वेळ टिकू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावतो. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नोंद होईल, पोलिस विचारतीलही, पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच तसं बजावलं आहे.

पुढचं वर्ष कसं काढायचं, यात बाकीच्यांपेक्षा दोन गोष्टी जास्त कामाच्या. पहिली, दिवसाचे मोकळे दहा तास भरणं. यंदाची जेईई-नीट गेली तरी चालेल, पण घरात एकटं बसवू नका. घराजवळचं छोटं कॉलेज, जिम, मामेभावाचं दुकान, काहीही, जिथे माणसं आहेत आणि न आल्यास फोन करतात. दुसरी, घसरण झाली तर काय करायचं हे आधीच ठरवून लिहून ठेवणं: कुणाला फोन, कोणत्या डॉक्टरकडे, पैसे आणि गाडीची किल्ली कुणाकडे. घसरण बहुतेकांच्या वाट्याला येते. तेव्हा ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणून औषध बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. कदाचित फक्त मात्रा बदलावी लागेल.

धाकट्या भावंडाला अंधारात ठेवू नका. त्याला बहुधा आधीपासून माहीत असतं, आणि गप्प राहायची शपथ मोठ्याने घातलेली असते. ‘दादाला आजार आहे, औषध चालू आहे, तो उठत नसेल तर मला किंवा १०८ ला फोन करायचा, कुणी रागावणार नाही’ एवढं त्याला सांगा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.